हात गिरणीचा, पगार ठेकेदाराचा

नारायण मेघाजी लोखंडे म्हटलं की आपल्याला रविवारची सुट्टी आठवते. पण १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांची सभा झाली, तिच्या निवेदनात आणखी दोन मागण्या होत्या, आणि त्या आपण वाचून पुढे जातो. एक म्हणजे, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. दुसरी, कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटाची सोय व्हावी.

कामगारांनी या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मागितल्या. कायद्याने मात्र त्या वेगळ्या केल्या, निदान ठेकेदाराकडच्या माणसाच्या बाबतीत तरी. ते कसं झालं, बघा.

१९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. त्याचं १२ वं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. मालकाने आपल्याच धंद्यातलं काम ठेक्याने दिलं आणि ठेकेदाराचा माणूस तिथे जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाई मूळ मालकाने द्यायची. माणूस जणू त्याचाच! मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्या दोघांचा हिशोब. मागे राहिलेल्या बाईने पळून गेलेल्या ठेकेदाराला कुठे शोधायचं? अटी होत्याच. काम मालकाच्या धंद्याचा नेहमीचा भाग हवं, आणि अपघात त्याच्या आवारात किंवा ताब्यातल्या जागेत झालेला हवा. आता 'नेहमीचा भाग' म्हणजे काय, यावर वकिलांना भांडायला भरपूर जागा. तरी तत्त्व मान्य झालं.

मग १९३६ चा वेतन प्रदान कायदा येतो. कारखान्यात पगार वेळेवर देण्याची जबाबदारी मॅनेजरवर टाकली, आणि कंसात एक अपवाद घातला: ठेकेदारामार्फत लावलेली माणसं सोडून. एवढासा कंस! त्याच यंत्रावर हात गेला तर तो गिरणीचा, आणि त्याच हाताची मजुरी बुडाली तर ती ठेकेदाराची.

हा कंस ओलांडायला १९७० साल उजाडलं. कंत्राटी कामगार कायद्याच्या २१ व्या कलमाने सांगितलं की ठेकेदार पगार वाटताना मूळ मालकाचा प्रतिनिधी तिथे हजर हवा, आणि ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर मालकाने द्यावेत. म्हणजे हातानंतर मजुरीला ४७ वर्षं लागली.

कागदावर. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावर किमान मजुरी होती दिवसाला ९ रुपये २५ पैसे, आणि मजुराच्या हातात पडत होते ८ रुपये २५ पैसे. वरचा रुपया जमादाराचा. आपल्याकडे मुकादम म्हणतात तोच हा गृहस्थ. सरकारी यंत्रणा म्हणाल्या, माणसं ठेकेदाराची आहेत. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती भगवतींनी हे मानलं नाही. कायदा पाळला जातोय की नाही हे पाहणं काम करून घेणाऱ्याचंच, असा तो निकाल.

एक आकडा मात्र लक्षात ठेवा. १९७० चा कायदा लागायला ठेकेदाराकडे २० माणसं लागत. महाराष्ट्राने पुढे ती मर्यादा ५० केली. त्याखालच्या ठेकेदाराकडे हात गेला तर १९२३ चं कलम होतं. पगार बुडाला तर १९७० चं नव्हतं.