राणीच्या बागेत शिवनेरीचे फूल

भायखळ्याच्या राणीच्या बागेचे उद्घाटन 1862 मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते झाले. पुढे दोन-तीन वर्षांतच वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणाऱ्या एका दुर्मीळ वनस्पतीला याच गव्हर्नरांचे नाव दिले: फ्रेरिया इंडिका. आपल्याकडे तिला शिंदळ माकुडी म्हणतात. शिवनेरीवर आढळते म्हणून शिवसुमन हे नावही रूढ झाले आहे. बागेला आज वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे आणि शिवसुमन वाढते ते जिजाबाईंच्या शिवनेरीच्या कड्यावर. इतके जवळचे नाते असूनही ऐतिहासिक बागेचे जतन हे पालिकेच्या उद्यान खात्याचे काम आणि दुर्मीळ वनस्पतींचे जतन हे वनखात्याचे व संशोधकांचे, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. या वाटणीला इतिहासाचा आधार नाही.

पश्चिम भारतातल्या जुन्या बागा केवळ फिरायला जाण्यासाठी उभ्या राहिल्या नव्हत्या. 1830 मध्ये स्थापन झालेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि सोसायटीचा कारभार भायखळ्याला आला. शिवडीच्या बागेची देखरेख करणारे जॉन ग्रॅहम हे टपाल खात्यातले अधिकारी. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची यादी तयार केली. ती 1839 मध्ये निघाली, पण छपाई पुरी होण्याआधीच ते वारले आणि शेवटचा भाग वनस्पती-अभ्यासक निम्मो यांनी पूर्ण केला. या यादीत बागेत लावलेली झाडे आणि कोकण-घाटावरची रानटी झाडे एकाच वहीत आहेत. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेतही हेच दिसते. तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन जुन्नरजवळ हिवऱ्याला औषधी वनस्पती वाढवून सरकारी दवाखान्यांसाठी पाठवत. दापोडीच्या झाडांची चित्रे त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत, चित्रकाराचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही. याच गिब्सन यांच्याकडे 1847 पासून इलाख्यातली जंगले राखण्याचे काम आले आणि 1861 मध्ये त्यांनी डॅल्झेल यांच्यासह मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बाग, जंगल आणि ग्रंथ ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या हातात होती.

म्हणूनच जुन्या बागेच्या जीर्णोद्धारात दुर्मीळ रानवनस्पतींनाही जागा हवी. यावर पहिला आक्षेप असा की, या बागांचा खरा वारसा परदेशी झाडांचा आहे. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच, ब्रह्मदेशातली उर्वशी, दक्षिण अमेरिकेतला कैलासपती हीच राणीच्या बागेची ओळख, मग तिथे रानातली झुडपे आणून इतिहास बदलायचा का? या आक्षेपात तथ्य आहे. स्थानिकतेच्या नावाखाली जुन्या गोरखचिंचेला कुणी हात लावला तर तो शुद्ध अडाणीपणा ठरेल. 2007 च्या सुमारास आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाचा आराखडा आला, तेव्हा मुंबईकर नागरिकांनी इथल्या तीन हजारांवर झाडांची नोंद पुढे ठेवून तो बदलायला लावला. ते काम फार मोलाचे होते. पण परदेशी झाडे आणून लावणे हा त्या जुन्या कामाचा अर्धाच भाग होता. इथल्या रानाची ओळख करून घेणे हा दुसरा. तो आपण सोडून दिला आणि पहिल्यालाच वारसा म्हणू लागलो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुर्मीळ वनस्पतीची जागा तिच्या कड्यावर, कुंडीत नव्हे. शिंदळ माकुडीकडे पाहिले की हे पटते. कातळाच्या फटीतून तिच्या बोटाएवढ्या जाड, रसदार फांद्या लोंबतात. पावसाळ्यात त्यांना पाने येतात, उन्हाळ्यात ती गळून नुसत्या फांद्या उरतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात गर्द किरमिजी रंगाची, पिवळे ठिपके असलेली पाच पाकळ्यांची चांदणी उमलते, आणि परागीभवन माश्यांवर अवलंबून असते. हे सगळे भायखळ्यात उभे करता येणार नाही. पण कड्यावर दरड कोसळते, शेळ्या चरतात, हौशी लोक रोप उपटून नेतात, तेव्हा तिची दुसरी प्रत कुठेतरी जिवंत असावी लागते. छाटणीपासून ती सहज रुजते. मात्र एकाच रोपाच्या छाटण्या वाढवल्या तर हजार कुंड्यांतही एकच रोप उरते. म्हणून शिवनेरीचे रोप वेगळे, पुरंदरचे वेगळे, कुठल्या कड्यावरून कधी आणले याची नोंद वेगळी, अशी शिस्त हवी. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती सांभाळल्या गेल्या आहेत. म्हणजे हे अशक्य नाही.

अडचण वेगळीच आहे. बागेचा जीर्णोद्धार म्हटले की निविदा निघते ती कमानी, कारंजी, पायवाटा आणि दिव्यांची. रोपांचा रकाना उंची आणि नगांत भरला जातो आणि रोपवाटिकेत जे तयार असेल तेच येते. शिंदळ माकुडी किंवा कंदीलपुष्प त्या यादीत कधीच नसते, कारण ते विकायला कुणी वाढवत नाही. जीर्णोद्धाराच्या खर्चातच एक छोटी रोपवाटिका, ती सांभाळणारे दोन कायमचे माळी आणि ग्रॅहम यांच्यासारखी एक नोंदवही धरली, तर पालिकेवर त्याचा फारसा भार पडणार नाही. माळ्यांच्या जागा मात्र कंत्राटी नसाव्यात, कारण कड्यावरच्या रोपाला कुंडीत किती पाणी चालते हे कळायला काही पावसाळे जावे लागतात.