परिहार : मावळच्या वाटेवरील माफीचा इतिहास

कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका प्राकृत शिलालेखात सातवाहन राजाने 'मामाड' येथील अमात्याला दिलेली आज्ञा कोरलेली आहे. मामाड म्हणजे आजचे मावळ. वलूरक लेण्यांतील भिक्षूंना करजक हे गाव दिले आहे. राजपुरुषांनी तेथे प्रवेश करू नये आणि भिक्षूंच्या जमिनीला मिळणाऱ्या सवलती त्या गावास लागू कराव्यात, असा तिचा आशय. लेखातील राजाचे नाव झिजले असले, तरी ही आज्ञा सामान्यतः गौतमीपुत्र सातकर्णीची मानली जाते. या सवलतींसाठी आलेला शब्द आहे 'परिहार'. या लेण्यांपासून काही किलोमीटरवर जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचा वरसोली टोलनाका आहे. शिलालेखातील माफी जमिनीच्या करापासूनची आणि नाक्यावरची माफी वाटेच्या करापासूनची; पण दोन्हींमागचा प्रश्न एकच. कर कोणी भरू नये, आणि का?

प्राचीन ग्रंथकारांनी या प्रश्नाचा विचार बारकाईने केला होता. कौटिल्याने विवाह, यज्ञ, प्रसूती, उपनयन, देवपूजा इत्यादींसाठी नेला जाणारा माल शुल्कातून मुक्त ठेवला. मात्र तसे खोटे सांगून माल नेणाऱ्यास चोराची शिक्षा सांगितली. मनुस्मृतीने नावेचे उतारशुल्क गर्भवती स्त्री, संन्यासी, मुनी आणि ब्रह्मचारी ब्राह्मण यांना माफ केले. येथे माफीची दोन कारणे दिसतात : काही प्रवास पवित्र असतात, आणि काही प्रवाशांकडे पैसा मागणे अनुचित असते. माफी आली की तिचा गैरफायदा घेणारेही आले, ही जाणीवही तेव्हाचीच.

तिसरी वाट नहपानाचा जावई उषवदात याने दाखवली. कार्ल्याच्याच एका लेखात करजिक गाव भिक्षूंना दिल्याची नोंद त्याच्या नावे आहे. म्हणजे सातवाहन राजाने पराभूत घराण्याचे दान नव्या आज्ञेने चालू ठेवले असे दिसते. नाशिकच्या लेखात याच उषवदाताने तापी, दमणगंगा, पारदा आदी नद्यांवर पुण्यार्थ नावा ठेवल्याचे आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्याचे म्हटले आहे. येथे पात्र-अपात्र ठरवावे लागत नाही. वाट सर्वांना मोकळी असते, कारण तिचा खर्च कोणीतरी उचललेला असतो.

मराठेशाहीत जकातीच्या चौक्यांवर दस्तक चाले. ते हाती असले की माल विनाजकात पुढे जाई. साहजिकच दरबारात ओळख असणाऱ्याला ते मिळवणे सोपे. इंग्रजी अमदानीत बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. १८५१ च्या टोल कायद्याने कूच करणारे सैन्य, कामावरील लष्करी व पोलीस अधिकारी आणि त्यांच्या ताब्यातील माणसे व मालमत्ता यांना माफी दिली. बेड्या घातलेला कैदी टोल देत नसे, आणि त्याला नेणारा शिपाईही देत नसे. माफीचे कारण आता सरकारी काम हे झाले.

स्वतंत्र भारताने ही सारी कारणे एकत्र केली. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत राष्ट्रपती, राज्यपाल, न्यायाधीश, लोकप्रतिनिधी, सेना यांच्यासोबत रुग्णवाहिका आणि शववाहिनीही आहेत. आषाढी वारीला आणि गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या वाहनांना महाराष्ट्र शासन जी टोलमाफी देते, ती पाहून कौटिल्याला नवल वाटले नसते. २०१५ मध्ये राज्यातील ५३ नाक्यांवर आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल गेला. द्रुतगती महामार्गावर मात्र मोटारीचा टोल १ एप्रिल २०२३ पासून २७० वरून ३२० रुपये झाला. पुढे २०२५ च्या धोरणात विजेवर चालणाऱ्या मोटारींना आणि बसगाड्यांना तेथे माफी जाहीर झाली.

या यादीत मावळचा माणूस कोठे आहे? २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती महामार्ग त्याच्या शिवारातून गेला. त्यावर दुचाकीला आणि ट्रॅक्टरला बंदी. उरला जुना रस्ता. त्यावर वरसोली आणि सोमाटणे हे दोन नाके, अंतर जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर. दोन नाक्यांत साठ किलोमीटर अंतराचा दंडक पुढे करून २०२२-२३ मध्ये तळेगाव परिसरात सोमाटणे नाका हटवण्यासाठी आंदोलने झाली. त्यांतला युक्तिवाद दयेचा नव्हता. जो बाजाराला, शाळेला, दवाखान्याला जाताना रोज हा रस्ता ओलांडतो, त्याच्यासाठी तो महामार्ग नसून गावचा रस्ता आहे, असे ते म्हणणे होते.

शनिवार-रविवारी खंडाळ्याचा घाट आणि पावसाळ्यात लोणावळा ज्या रीतीने तुंबतात, ते पाहता उद्या येथे गर्दीशुल्काची भाषा येणे अशक्य नाही. सिंगापूरने १९७५ मध्ये असे शुल्क सुरू केले, तेव्हा चार माणसे बसलेल्या मोटारीला माफी होती. १९८९ मध्ये ती काढली. लंडनमध्ये २००३ पासून शुल्क आहे. तेथील विजेच्या मोटारींची पूर्ण माफी २५ डिसेंबर २०२५ रोजी संपली. कारण उघड आहे. टोल रस्त्याचा खर्च वसूल करतो, गर्दीशुल्क जागेची किंमत मागते. आणि विजेची गाडी असो वा आमदाराची, घाटात तिला जागा तेवढीच लागते.

म्हणून पद, उत्सव आणि इंधन ही माफीची कारणे गर्दीशुल्कापुढे टिकत नाहीत. टिकतात ती दोन : थोड्या जागेत पुष्कळांना नेणारी एसटी, आणि दुसरी वाटच नसलेला, म्हणजे रुग्णवाहिकेतला रुग्ण व कामशेत-कार्ल्याचा रहिवासी. पहिल्या कारणात उषवदाताच्या नावेची आठवण आहे. दुसऱ्यासाठी मात्र कोणत्याही राजाने मावळात शिलालेख कोरलेला नाही. ती आज्ञा अजून लिहायची आहे.