डिझेल मोटारीच्या तेलाचा पूर्वेतिहास

1930 च्या दशकात अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल इंजिनांत साध्या खनिज तेलाचा चिकट थर साचून पिस्टनच्या रिंगा खाचांत अडकू लागल्या, तेव्हा ‘डिटर्जंट’, म्हणजे काजळी साचू न देता तरंगती ठेवणारी द्रव्ये मिसळलेली तेले पुढे आली. 1936 मध्ये मर्सिडीज-बेंझ 260 डी अवतरली आणि हा प्रश्न प्रवासी मोटारीपर्यंत पोहोचला. असे तेल लवकर काळे पडते, तो दोष नसून कामाची खूण होय, हे मात्र अनेक गाडीमालकांना आजही पटत नाही. पुढे बहुश्रेणी, म्हणजे थंडीत वाहते राहून तापल्यावरही पुरेसा दाटपणा टिकवणारी तेले रूढ झाली, आणि 15डब्ल्यू-40 ही श्रेणी, ज्यातील ‘डब्ल्यू’ हिवाळा दर्शवतो, जुन्या डिझेल गाड्यांना सामान्यतः मानवली. धुराच्या वाटेवर काजळीची गाळणी नसलेल्या अशा गाडीला कमी राखेचे, म्हणजे जळल्यावर गाळणी तुंबवणारी राख कमी सोडणारे तेल लागत नाही.