पाटणच्या पेठेत ग्रहणाची रात्र

सामानातून हिरव्या मिरच्या आधी काढा. शेंगदाणे काढा, बटाटे काढा, चहाची पुडी तर काढाच. तुम्ही जिथे सुट्टीला निघाला आहात तिथे यातलं काहीच अजून पोचलेलं नाही. पिशवीत सापडलं, तर हे काय आहे ते सांगता सांगताच सुट्टी संपायची. मिरचीशिवाय दोन दिवस म्हणजे खानदेशी माणसाला शिक्षा, हे कबूल. पण मिरं मिळेल, आलं मिळेल आणि तिळाचं तेल लागेल तेवढं.

धुळ्याहून येत असाल तर चाळीसगावची गाडी धरा. जळगावकरांना मुंबईच्या वाटेवर चाळीसगाव लागतंच. तिथून पाटणादेवी साधारण 18 किलोमीटर. एरवी तुम्ही आला असाल ते नवरात्रात, नाहीतर पावसाळ्यात धवलतीर्थाचा धबधबा बघायला. या खेपेला गौताळ्याच्या जंगलाच्या कडेनं डोंगरी नदीपर्यंत चालत जा आणि पाण्यात उतरा. पाणी गुडघ्याच्या वर असेल, दगड निसरडे असतील, समोर सातमाळ्याचे डोंगर ढगात बुडालेले असतील. पलीकडे पाय टेकलात की तारीख आहे 9 ऑगस्ट 1207. श्रावणी पौर्णिमा.

पहिली गोष्ट जाणवते ती आवाजाची. मघाशी इथे पाखरं आणि पाणी एवढंच होतं. आता बैलांच्या घुंगरमाळा आहेत, माणसांची हाकाहाक आहे आणि कुठून तरी घाण्याची एकसुरी करकर. झाडी होती तिथे वस्ती उभी आहे. हे पाटण. निकुंभ घराण्याचं ठाणं, आणि निकुंभ हे देवगिरीच्या यादवांचे मांडलिक. गादीवर सिंघण यादव आहे, इथला कारभार सोइदेव निकुंभाकडे. दख्खनच्या पठारावरून घाट उतरून खानदेशात येणारा माल याच खिंडीखालून जातो, म्हणून एवढ्या आडबाजूला पेठ वसली आहे.

पैशाचं काय, हा प्रवाशाचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’च्या सुरुवातीलाच आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे एका द्रम्मामागे 1280 कवड्या. एवढं पाठ असलं तर पेठेत कोणी तुम्हाला गंडवणार नाही. धान्याचंही तसंच. चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण, सोळा द्रोणांची खारी. गणिताच्या पुस्तकाची सुरुवात बाजारापासून करणारा लेखक किती शहाणा, हे कंबरेला कवड्यांची थैली लटकवून उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पेठेत शिरताना महादेवाच्या मंदिराशी जरा थांबा. तुमच्या काळात तुम्ही ते पाहिलंय, शिळा काळवंडलेल्या आणि मूर्तींचे नाकडोळे झिजलेले. इथल्या शिलालेखातला शक 1075, म्हणजे इसवी सन 1153. इंद्रराज निकुंभानं काम काढलं, तो गेल्यावर राणी श्रीदेवीनं कारभार हाती घेतला आणि मुलगा गोवन याच्या नावानं मंदिर पुरं झालं. आज ते जेमतेम चोपन्न वर्षांचं आहे. कोरीव कामाच्या कडा बोटाला टोचतात. फक्त कोणापुढे ‘हेमाडपंती’ म्हणू नका. हेमाद्री मंत्री व्हायला अजून निम्मं शतक जायचं आहे.

भूक लागली असेल. भाकरी मिळेल; भाजलेल्या वांग्याचं काही मागितलंत तर तेही मिळेल, वर तिळाचं तेल आणि मिऱ्याची भरड. चव ओळखीची आहे आणि नाहीही. पहिल्या घासाला तुमचा हात आपोआप ठेच्याकडे जातो, आणि ठेचा पोर्तुगिजांच्या गलबतातून यायला अजून तीनशे वर्षं आहेत. जेवण झाल्यावर चहाची जी तल्लफ येते, तिच्यावर इलाज नाही. विडा खा.

आता त्या करकरणाऱ्या घाण्याकडे चला, कारण आज तिथे काहीतरी ठरतंय.

डोळ्यांवर झापड बांधलेला बैल गोल फिरतोय. लाकडी उखळीतून तिळाचं तेल जाड धारेनं खालच्या भांड्यात उतरतंय. तेली एक पळी उचलतो, काठोकाठ भरतो आणि शेजारच्या वेगळ्या मडक्यात रिकामी करतो. पळीच्या कडेला राहिलेला थेंब बोटानं निपटतो आणि बैलाच्या मानेवर, जू घासून घट्टा पडलाय तिथे, चोळतो. पुन्हा पळी भरतो, पण ती त्याच्या स्वतःच्या भांड्यात.

“ते वेगळं कुणाचं?” तुम्ही विचारता. त्याची मराठी तुम्हाला निम्मीच कळते, पण हात डोंगराच्या बाजूला जातो, आणि ‘मढ’ हा शब्द कळतो. मठाचं.

मठ कसला? गोसाव्यांचा नव्हे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं काढलेला. नातवाचं नाव चांगदेव, सिंघणाच्या दरबारातला मुख्य ज्योतिषी. (योगी चांगदेव वेगळे, त्यांचा इथे संबंध नाही.) सोइदेव निकुंभ आज ग्रहणाच्या पर्वावर या मठाला दान देणार आहे, आणि दानाचा तपशील दगडावर कोरला जाणार आहे. तो दगड 1865 च्या सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड जगापुढे आणतील, आणि त्यावरची तिथी आणि ग्रहण यांचा ताळा करून अभ्यासक आजची तारीख काढतील. तुम्ही इथे नेमक्या दिवशी पोचलात ते त्यांच्यामुळे.

लेखाचा पहिला भाग संस्कृतात आहे. त्यात घराण्याची परंपरा येते. त्रिविक्रम, मग पिढ्यामागून पिढ्या, महेश्वर, त्यांचे पुत्र भास्कर, भास्करांचा लक्ष्मीधर, लक्ष्मीधराचा चांगदेव. लक्ष्मीधर सर्व शास्त्रांत निपुण आहे असं पाहून यादव राजा जैत्रपालानं त्याला याच गावातून नेलं आणि पंडितांचा अग्रणी केलं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. भास्कराचार्य मूळचे कुठले यावर अजून वाद घालतात. त्यांनी स्वतः सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जडविड सांगितलं आणि ते नेमकं कोणतं, यावर जिल्हे आणि राज्यं भांडतात. खुशाल भांडोत. मुलगा इथून देवगिरीला गेला आणि नातवानं इथे मठ काढला, हे दगडावर आहे.

मग लेख मराठीत उतरतो. स्तुती झाली, आता हिशेब. ‘ज्ञानेश्वरी’ला अजून 83 वर्षं आहेत आणि इथे मराठी कोरली जातेय ती बाजारातल्या वसुलीसाठी. कोणाकडून काय घ्यायचं ते एकेक करून सांगितलंय. विक्रीला आलेल्या मालावर गिऱ्हाइकाकडून सरकारात जो कर येई, तो मठाला. माल लादून आलेल्या बैलांमागे ठरलेलं देणं. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. घाण्याच्या पहिल्या तेलाची लोटी मठाची आणि पुढे जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागे पळी पळी तेल. मोजायचं ते मठाच्या मापानं. मोजणीचा मोबदला निम्मा मठाला, निम्मा मापाऱ्याला. आणि यातलं मला सगळ्यात मोठं वाटणारं कलम असं, की दामाचा विसावा हिस्सा ‘नगरानं दिला’. राजानं नव्हे, गावानं.

गणिताच्या शाळेला राजानं जमीन, सोनंनाणं दिल्याच्या कथा आपण ऐकतो. इथे तेल्याची पळी आहे आणि गिऱ्हाइकाच्या पाच सुपाऱ्या आहेत. तुम्ही तीळ घेतलेत तरी पाच सुपाऱ्या मोजायच्या, आणि मापारी त्या मोजूनच घेतो.

मठात जायला कोणी अडवत नाही. ओसरीवर आठदहा पोरं बसली आहेत, प्रत्येकापुढे धूळ पसरलेली पाटी. बोटानं किंवा काडीनं आकडे काढायचे, चुकलं की तळव्यानं पुसायचं. एक जण तुमच्याकडे बघतो. पाहुण्याला उदाहरण घालायची हौस सगळ्या काळातल्या विद्यार्थ्यांना सारखीच. बत्तीस हात उंचीचा बांबू वाऱ्यानं मोडला, शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला, मोडला कुठे? तुम्ही मनात ‘समजा क्ष’ म्हणेपर्यंत त्यानं धुळीत सोळाचा वर्ग करून बत्तीसनं भागला, आलेले आठ बत्तिसातून वजा केले, निम्मे केले आणि बारा लिहून वर पाहिलं. बारा हातांवर. तुमची दहावीची टक्केवारी त्याला सांगण्यात अर्थ नाही.

या पोरासाठी शून्य आणि नऊ अंक म्हणजे रोजची धूळ. बरोबर पाच वर्षांपूर्वी, 1202 मध्ये, इटलीत पिसाच्या लिओनार्दोनं म्हणजे फिबोनाचीनं मोठा ग्रंथ लिहून आपल्या लोकांना हे ‘भारतीयांचे नऊ आकडे’ समजावून सांगितले. वडील उत्तर आफ्रिकेच्या बंदरात व्यापाराच्या कामावर होते, तिथे तो अरबांकडून हे शिकला. तरी फ्लॉरेन्सच्या सराफांच्या मंडळानं 1299 मध्ये या आकड्यांत हिशेब ठेवायला बंदी घातलीच. हल्ली सुट्टी म्हटलं की लोक इटलीच्या किनाऱ्यावरचं शांत गाव शोधतात. जरूर जावं. पण तिथे बिलावरचे आकडे वाचताना पाटणची ओसरी आठवायला हरकत नाही.

संध्याकाळी सगळी वस्ती नदीकडे सरकते. चुली विझल्या आहेत, उरलंसुरलं अन्न टाकून दिलंय, म्हातारी माणसं ओल्या धोतरानिशी काठावर जप करताहेत. खुद्द ग्रहण मात्र दिसायची खात्री नाही, कारण महिना श्रावणाचा आहे आणि डोंगरावर ढग दाटलेत. मठाच्या अंगणात पाण्यानं भरलेलं घंगाळ आहे. त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी तरंगतेय. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे तुमची चोवीस मिनिटं. एक पोर वाटीवर नजर ठेवून, एक मोजदाद ठेवून. ‘सिद्धांतशिरोमणी’त चंद्रग्रहणाचं गणित आहे आणि यंत्रांचाही अध्याय आहे. घटीयंत्र, शंकू, फलकयंत्र सगळं सांगून झाल्यावर भास्कराचार्य म्हणतात की सर्वांत श्रेष्ठ यंत्र बुद्धीचं. तरीही वाटीवर पोर बसवलेलं बरं.

वाटी बुडते. मोजणारा आकडा सांगतो. चांगदेव काही बोलत नाही, फक्त मान हलवतो. वर नुसता काळोख. कोणीतरी ‘कुठंय ग्रहण?’ असं पुटपुटतं आणि मागून दटावणी होते. मग वाऱ्यानं ढग फाटतो आणि थोडा वेळ चंद्र दिसतो, एका बाजूनं खाल्लेला. काठावर एकदम गलका होतो, माणसं पाण्यात उतरतात. सोइदेव हातावर पाणी सोडून दान देतो. ढग पुन्हा मिटतात, पण आता कोणाची तक्रार नाही. मठातल्या पोरांच्या चेहऱ्यावरचा आनंद धार्मिक नाही, हे तुम्हाला कळतं. उत्तर जुळलं की होतो तो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतायचं. वेळ असेल तर डोंगर चढून पितळखोऱ्याची लेणी बघा. आजच्या पाटणकरांनाही ती प्राचीनच वाटतात, इसवी सनापूर्वीची आहेत. आणखी पंधरा वर्षं थांबायची तयारी असेल तर बहाळला जा. भास्कराचार्यांच्या भावाच्या वंशातला अनंतदेव तिथे 1222 मध्ये भवानीचं देऊळ बांधेल, शिलालेखासह. तोही सिंघणाचा ज्योतिषी. एका तालुक्यात एका घराण्याचे दोन लेख. उलट दिशेनं जायचं तर पाटणच्या मातीत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा आहे, त्यावर माणसानं कोरलेल्या रेघा आहेत, वय सुमारे 25 हजार वर्षं. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात तो मिळाला. खानदेशात शहामृग होते, हे घरी सांगितलंत तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आता जळगाव-धुळ्याच्या गणिताच्या शिक्षकांना एक विनंती. पोरांना सहलीला पाटणादेवीला नेता, धबधबा दाखवता, देवीचं दर्शन घडवता, ते चांगलंच आहे. पुढच्या वेळी नदीकाठच्या वाळूत बत्तीस हातांचा बांबू काढून द्या आणि उत्तर येईपर्यंत डबे उघडू देऊ नका.