नाथांचे ताट : 'धर्मात्मा' आणि वगळलेला चमत्कार

एकनाथ महाराजांचे पैठण आणि माझे केदारखेडा ही दोन्ही गावे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. पुढे १९८१ मध्ये जालना जिल्हा वेगळा निघाला. तोवर आमचा जिल्हाही एकच, औरंगाबाद. त्यामुळे आमच्याकडे नाथ पुस्तकाआधी कीर्तनातून आणि भारुडातून भेटतात, नाथषष्ठीहून परतलेल्यांच्या बोलण्यातून भेटतात. हे नाथ आणि १९३५ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने पडद्यावर आणलेले नाथ यांच्यात काय बदलले, हे मला त्यांच्या आयुष्यातल्या एकाच प्रसंगातून पाहायचे आहे. तो प्रसंग म्हणजे महाराच्या घरचे जेवण.

ताहाराबादच्या महीपतीने 'भक्तलीलामृत' १७७४ मध्ये लिहिले. नाथांच्या समाधीला (१५९९) तेव्हा पावणेदोनशे वर्षे झाली होती. महीपतीच्या कथेत राण्या महार आणि त्याची बायको नाथांना जेवायला बोलावतात. नाथ होकार देतात. ब्रह्मवृंद पाळतीवर बसतो. जेवणाच्या वेळी मात्र नाथ राण्याच्या घरीही दिसतात आणि स्वतःच्या घरीही. भक्ताची लाज राखायला देवच नाथांचे रूप घेऊन राण्याच्या पानावर बसलेला असतो.

कीर्तनात या जागी टाळ्या पडतात आणि पडाव्यातच. कथा आहेच तशी गोड. पण तिची रचना नीट पाहिली तर तिने दोन कामे साधलेली दिसतात. राण्याच्या भक्तीला न्याय मिळतो, कारण प्रत्यक्ष देव त्याच्याकडे जेवतो. नाथांचे सोवळेही राहते, कारण ते जेवले की नाही, हे कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. ऐकणारा ब्राह्मण असो की महार, दोघेही समाधानाने घरी जातात आणि गावातली पंगत होती तशीच बसते.

व्ही. शांताराम यांनी हाच विषय घेतला तेव्हा काळ वेगळा होता. १९३२ चा पुणे करार झाला होता. पाठोपाठ गांधीजींचा हरिजन दौरा झाला होता. के. नारायण काळे यांनी लेखनाची बाजू सांभाळली, मास्टर कृष्णरावांनी संगीत दिले. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व होते. आयुष्यभर स्त्रीभूमिका गाजवलेल्या या नटाचा हा पहिलाच चित्रपट. चित्रपटात जाई नावाची एक लहान अस्पृश्य मुलगी आहे. नाथ तिच्या घरी जेवायला जातात. सनातनी महंत खवळतो, पोटचा मुलगा हरिपंडितही विरोधात उभा राहतो. इथे ताटावर बसतो तो माणूस. देवाने रूप घेऊन सोडवणूक करण्याची वाट या कथेने घेतलेली नाही, म्हणून जेवणाची किंमत नाथांनाच मोजावी लागते.

ही श्रद्धा वारकरी परंपरेतून आलेली असली तरी तिच्यावर गांधीयुगातल्या मानवसेवेच्या धर्माचा ठसा आहे. सरकारला तो लगेच ओळखू आला. चित्रपटाचे मूळ नाव होते 'महात्मा'. मुंबईच्या सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले आणि नाव बदलून 'धर्मात्मा' करावे लागले.

या चित्रपटाचा सर्वांत कठोर वाचक मात्र सरकारी कचेरीत नव्हता. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. पुढे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या दुसऱ्या आवृत्तीत (१९३७) गांधीजींना उत्तर देताना त्यांनी 'धर्मात्मा'चा नाव घेऊन उल्लेख केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अस्पृश्यांना शिवण्याचे, त्यांच्याबरोबर जेवण्याचे धाडस दाखवणारा नायक म्हणून हा चित्रपट एकनाथांना पुढे आणतो, पण त्यांनी ते केले ते जात अमान्य होती म्हणून नव्हे, तर झालेला विटाळ गंगास्नानाने धुतला जातो, अशी त्यांची समजूत होती म्हणून. आधाराला त्यांनी एकनाथी भागवतातली ओवी दिली. संतांनी माणसे देवापुढे समान मानली, माणसापुढे नाही, हा त्यांचा मूळ आक्षेप.

यावर नाथांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. वाळवंटात पोळणारे महाराचे पोर उचलणारे नाथ आहेत, श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढणारे नाथ आहेत, महाराच्या तोंडून 'जोहार' घालणारी भारुडे आहेत. तरी बाबासाहेबांचा प्रश्न त्याने मिटत नाही. करुणा करणारा आणि करुणा घेणारा यांच्या जागा या सगळ्या कथांत ठरलेल्या आहेत. चित्रपटातही जाई आमंत्रण देते, पण कथा नाथांची होते.

तरीही मला 'धर्मात्मा'चे मोल मोठे वाटते. महीपतीच्या कथेवर हा आक्षेप घेणेच अवघड होते. जेवणारा देव असल्यावर हेतू विचारणार कोणाचा? चमत्कार बाजूला झाला आणि संत आपल्या कृतीला जबाबदार असलेला माणूस झाला. म्हणून तर त्याला जाब विचारता आला. श्रद्धा बदलून चरित्र सांगितले की पावित्र्य कमी होते, अशी तक्रार नेहमी होते. इथे मात्र त्यामुळे एका जुन्या कथेवर त्या काळातला सर्वांत गंभीर वाद उभा राहिला.

लोकांना काय हवे होते, तेही पुढच्याच वर्षी कळले. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) चमत्कार भरभरून आहेत, तुकोबा विमानातून वैकुंठाला जातात. तो चित्रपट अफाट चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. आमच्याकडच्या कीर्तनातही आजवर महीपतीचेच नाथ जास्त ऐकू येतात. त्यात गैर काही नाही. पण सप्ताहाच्या शेवटी महाप्रसादाची पंगत बसते, तेव्हा कोण कोणाच्या शेजारी बसले आणि वाढप्या कोण होता, हे पाहायला देव रूप घेऊन येत नाही. ते आपल्यालाच पाहावे लागते.