डबीतल्या पैशांचा दवाखाना



गुंटूर हे नाव आपल्या नंदुरबारात नवं नाही. पथारीवर मिरचीची देठं खुडायला जाणाऱ्या बायांच्या कानावर ते नेहमी पडतं. मिरचीच्या व्यापारात गुंटूरचं नाव आधी, मग त्याच्या पाठोपाठ आपल्या नंदुरबारचं. आज आपण त्या गुंटूरला जाणार आहोत, पण मिरचीसाठी नाही. आंध्रातल्या त्या गावात बायांसाठी उभा राहिलेला एक जुना दवाखाना आहे. त्याचा पैसा जमवला तो बायांनीच, आणि त्या बाया होत्या सातासमुद्रापार, अमेरिकेत.

मिशनचा दवाखाना म्हटलं की आपल्याला नवापूर तालुक्यातलं चिंचपाडा आठवतं. गुंटूरचा दवाखाना वेगळ्या मंडळींचा, ल्यूथरन लोकांचा. जर्मनीत 1517 साली मार्टिन ल्यूथर नावाच्या धर्मगुरूने पोपच्या कारभाराविरुद्ध आवाज उठवला. त्याच्या मागे गेले ते ल्यूथरन. भारतात त्यांचे पहिले मिशनरी 1706 मध्ये तमिळ मुलखात तरंगमबाडीला उतरले, गुंटूरला 1842 मध्ये अमेरिकेतून आले. आपल्या धर्माचा प्रचार करायलाच ते आले होते, ते लपवण्यासारखं काही नाही. आज आपल्याला बोलायचं आहे ते त्यांच्या बायकांबद्दल.

अमेरिकेतल्या त्या ल्यूथरन बायांना चर्चमध्ये काय करता येत होतं? गाणी म्हणायची, मुलांना शिकवायचं, झाडलोट करायची, सणाला जेवण रांधायचं. पण मोठी सभा भरली, पैशाचा निर्णय व्हायचा असला, की हात वर करणारे सगळे पुरुष. बायांना मत नव्हतं. (ग्रामसभेत मागे बसलेल्या बायांना हे समजावून सांगायला नको.) मग 1879 मध्ये ओहायो राज्यातल्या कँटन गावी या बायांनी आपली वेगळी संघटना काढली. गावोगाव शाखा, दर सभासदाची ठरलेली छोटी वर्गणी. अशा संघटनांमध्ये घरात एक डबी ठेवायची चाल होती. अंडी विकली, लोणी विकलं, शिवणाचे पैसे आले, की त्यातलं नाणं डबीत. बायबलात एका गरीब विधवेची गोष्ट आहे. तिने देवळात दोन दमड्या टाकल्या आणि येशूने तिचं दान श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठं मानलं. तिच्या त्या दमडीवरूनच डबीला नाव पडलं. बचत गटातल्या बाईला यातलं काहीच परकं वाटणार नाही. एक फरक मात्र आहे, त्यांचा पैसा परत त्यांच्याकडे येत नव्हता. कर्ज नाही, व्याज नाही, शेळी नाही. तो जायचा अनोळखी बायांसाठी.

याच सुमारास पेनसिल्व्हानियात अ‍ॅना सारा कुगलर नावाची मुलगी डॉक्टर झाली. 1856 चा तिचा जन्म. फिलाडेल्फियात फक्त बायकांसाठी वैद्यकीय महाविद्यालय होतं, तिथून ती 1879 मध्येच पास झाली. भारतातल्या एका मिशनऱ्याचं पत्र तिच्याकडे आलं, की इकडे बाई डॉक्टरची फार गरज आहे. तिने संघटनेला विचारलं, मला डॉक्टर म्हणून पाठवा. आणि संघटनेने काय म्हणावं? दवाखान्याच्या कामाची आमची अजून तयारी नाही, शिक्षिका म्हणून जा.

ही गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची होती. पैसा बायांचा, निर्णय बायांचा, तरी पहिलं उत्तर हेच आलं. बाईने शाळा चालवणं ओळखीचं होतं, ते सोपं वाटलं. बाईचं दुखणं मात्र खर्चाच्या यादीत खालीच राहिलं.

अ‍ॅना शिक्षिका म्हणून निघाली, पण वैद्यकी सोडून नाही. 1883 च्या नोव्हेंबरात ती गुंटूरला पोचली. त्या काळी बऱ्या घरच्या सुना पडद्यात असत. परपुरुषाने नाडी धरायची नाही, मग तो डॉक्टर का असेना. बाळंतपण अडलं की सुईण करील ते करील, नाहीतर बाई गेली. घरोघरी शिकवायला गेलेल्या अ‍ॅनाला खाटेवरच्या बाया दिसू लागल्या आणि ती औषध देऊ लागली. पत्रं जात राहिली. शेवटी 1885 च्या डिसेंबरात संघटनेने तिला डॉक्टर म्हणून नेमलं. दोन वर्षं गेली.

आता आपल्या कल्याणच्या पोरीकडे या. त्याच 1883 सालच्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. वय अठरा. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता, तो दहा दिवसांतच गेला. बाई डॉक्टर असती तर, हा विचार त्यांनी त्यानंतर सोडला नाही. त्या शिकल्या तेच फिलाडेल्फियाचं महाविद्यालय, जिथून अ‍ॅना कुगलर बाहेर पडली होती. एकाच वर्षी एक तिकडून इकडे आली, एक इकडून तिकडे गेली, दोघींच्या मनात अडलेली बाळंतीणच. आनंदीबाईंनी धर्म बदलला नाही. 11 मार्च 1886 ला त्या पदवीधर झाल्या, तेव्हा सोहळ्याला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली होती. पण क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन त्या परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या, बावीस वर्षंही पुरी नव्हती. एकाही रुग्णाची नाडी त्यांना त्या दवाखान्यात धरता आली नाही. आम्हाला हे दर वेळी वाचताना जड जातं.

अ‍ॅनाला मात्र आयुष्य मिळालं. 1886 मध्ये गुंटूरला छोटा दवाखाना सुरू झाला, पुढे जागा घेतली, पाया भरला, आणि 1898 मध्ये बायकामुलांचं मोठं रुग्णालय उघडलं. अमेरिकेतल्या शाखांतून पैसे येत राहिले. हळूहळू तिथल्याच मुली परिचारिकेचं काम शिकल्या. एल्लोरच्या राजांच्या (म्हणजे आंध्रातलं आजचं एलूरू, आपलं वेरूळ नव्हे) राणीवर इथे उपचार झाले. त्या उपकाराची आठवण म्हणून राजांनी रुग्णालयासमोर धर्मशाळा बांधून दिली, पेशंटबरोबर आलेल्यांना आपला स्वयंपाक आपण करून खाता यावा म्हणून. ही सोय आम्हाला सगळ्यात शहाणी वाटली. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातून बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणणाऱ्या माणसांना विचारा, दवाखान्यात पोचल्यावर पहिली अडचण कसली असते. भाकरी कुठे थापायची आणि रात्री पाठ कुठे टेकायची.

अ‍ॅनाने जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं गुंटूरला काढली आणि 1930 मध्ये तिथेच शेवटचा श्वास घेतला. रुग्णालयाला आजही कुगलर हॉस्पिटल म्हणतात.

त्यांच्या चर्चमध्ये बाईला धर्मगुरू होता आलं ते फार उशिरा, अमेरिकेतल्या दोन मोठ्या ल्यूथरन मंडळींत 1970 मध्ये. म्हणजे दवाखाना उभारून बहात्तर वर्षं झाली होती. पैसा गोळा करण्याचा मान लगेच मिळतो, खुर्ची मिळायला वेळ लागतो.

हे सगळं वाचल्यावर आम्ही आमच्या गटांची इतिवृत्तं काढून बसलो. कर्ज कशासाठी, या रकान्यात बोट फिरवत गेलो. बियाणं, फवारणी, शेळी, पोराची फी, पोरीचं लग्न, घराचे पत्रे. बाईचं स्वतःचं आजारपण सापडायला पानं उलटावी लागली. अंगावरून जातं, पोट दुखतं, चक्कर येते, हे सगळ्या जणी बोलतात, पण त्यासाठी कर्ज मागायला कोणी हात वर करत नाही. परत काय फेडणार, ही भीती असते. म्हणून पुढच्या बैठकीत विषय ठेवला आहे. दर बाईमागे महिन्याला दहा रुपये वेगळ्या डबीत टाकायचे. ते फक्त दवाखान्याच्या गाडीभाड्यासाठी आणि तिथल्या जेवणासाठी, परतफेड नाही. दहा रुपयांना सगळ्या तयार आहेत. चावी कोणाकडे ठेवायची, यावर मात्र दोन बैठका झाल्या तरी अजून एकमत झालेलं नाही.