बोधावस्था : प्राकृत आणि परिवर्तित

स्वतःचे, स्वतःच्या देहाचे आणि भोवतालच्या जगाचे मनुष्याला त्या त्या वेळी जे भान असते, त्याच्या एकंदर स्वरूपास मानसशास्त्रात बोधावस्था म्हणतात. पुरता जागा असलेला, देशकालाची ओळख शाबूत असलेला आणि आपले अवधान इच्छेनुसार वळवू शकणारा मनुष्य प्राकृत अवस्थेत आहे असे मानण्याचा प्रघात आहे. तथापि निरोगी मनुष्यही रोज तंद्रा, स्वप्न व गाढ निद्रा यांतून जात असल्यामुळे, अवस्थांतर म्हणजे विकृती नव्हे, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. मांडूक्योपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या, त्यांपैकी पहिल्या तिन्ही सर्वांच्याच अनुभवातल्या आहेत.

निद्रेच्या शास्त्रीय अभ्यासाला हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने 1929 मध्ये मानवी मेंदूच्या विद्युत्‌तरंगांचे आलेख प्रसिद्ध केल्यावर खरी गती आली. शिकागो येथे अ‍ॅझेरिन्स्की व क्लाइटमन यांनी 1953 मध्ये असे दाखविले की, झोपेत मधूनमधून मिटल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलू लागतात, आणि अशा वेळी 27 वेळा जागे करून विचारले असता 20 वेळा तपशीलवार स्वप्ने सांगितली गेली. हे चक्र सुमारे 90 मिनिटांनी पुन्हा येते.

प्राकृत अवस्थेहून वेगळ्या, म्हणजे परिवर्तित, अवस्थांमध्ये सर्वाधिक वाद झाला तो संमोहनाविषयी. मेस्मर या वैद्याने पॅरिसमध्ये प्राणिज चुंबकत्वाच्या नावाखाली चालविलेल्या उपचारांची चौकशी करण्याचा हुकूम सोळाव्या लुईने 1784 मध्ये दिला, तेव्हा फ्रँक्लिन, लव्हाझिए प्रभृती विद्वानांनी रुग्णांचे डोळे बांधून प्रयोग केले आणि मेस्मर ज्याला गुणकारी मानी तो चुंबकद्रव अस्तित्वातच नाही, जे घडते ते कल्पनेच्या प्रभावाने घडते, असा अहवाल सादर केला. हा निर्णय यथार्थ होता. परंतु कल्पनेचा प्रभाव एवढा प्रबळ कसा, हा खरा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहिला. त्याची निकड पुढे बंगालात प्रत्ययास आली. कंपनी सरकारच्या चाकरीतील जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यवैद्याने 1845 मध्ये हुगळी येथे एका कैद्यावर आणि त्यानंतर अनेक रुग्णांवर, ईथर व क्लोरोफॉर्म प्रचारात येण्यापूर्वीच, मोहावस्थेत मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या. सरकारी समितीने तपास केल्यावर कलकत्त्यास त्याला एक रुग्णालयही देण्यात आले. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड याने 1843 च्या ग्रंथात चुंबकद्रवाची कल्पना टाकून अवधानाच्या एकाग्रतेवर भर दिला, आणि आजचे संशोधनही सूचनक्षमता व अवधान यांच्याच अनुरोधाने चालते. संमोहित मनुष्य झोपलेला नसतो; त्याचा मेंदू-आलेख निद्रेचा आढळत नाही.

इतर प्रकारांपैकी संवेदनवंचनेचा दाखला विशेष बोधप्रद आहे : मॅकगिल विद्यापीठात झालेल्या व 1954 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दृष्टी, स्पर्श व श्रवण यांना वैविध्य मिळू न दिलेल्या, भरपूर मोबदला घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही दोनतीन दिवसांहून अधिक काळ राहणे असह्य झाले आणि कित्येकांना भास होऊ लागले. म्हणजे जिला आपण स्वाभाविक जागृती समजतो ती बाह्य जगाच्या अखंड पुरवठ्यावर विसंबून असते. एलएसडीसारख्या द्रव्यांनी संवेदना व काळाचे भान विपरीत होते. हा गुण आल्बर्ट हॉफमन यास 1943 मध्ये आढळला. ध्यानाविषयी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना व सिंग यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही योग्यांच्या समाधिकाळातील मेंदूचे अल्फा तरंग बाह्य उद्दीपनांनीही खंडित न झाल्याचे नोंदविले. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये स्थापिलेल्या कैवल्यधामात योगाची प्रयोगशालेय तपासणी त्याआधीच सुरू झाली होती. अशा अभ्यासांत योग्यांची संख्या अल्प असल्यामुळे व्यापक सिद्धांत मांडताना संयम राखणे इष्ट.

कोणत्याही अवस्थेचा निश्चय केवळ आलेखावरून होत नाही, कारण तिचा अनुभव आलेखात उमटत नाही. आणि केवळ अनुभवकर्त्याच्या जबानीवरूनही होत नाही, कारण स्मृती व अपेक्षा तिच्यात फेरफार करतात. दोन्ही पुरावे जिथे जुळतात तेवढ्याच भागाला आज शास्त्राचा आधार आहे.